चार आण्यांची कोंबडी आणि पीएस फाइव्ह



निवृत्त फौजी बोलायला उभा राहिला की ऐकणारे कारगिलची वाट बघत बसतात. आज तुमची निराशा होणार आहे. आजचा विषय आहे व्हिडिओ गेम. एखादा खेळ एकाच कंपनीच्या एकाच यंत्रावर चालत असेल, तर तेवढ्यासाठी ते नवं यंत्र घ्यावं का? ज्यांच्या घरात दहा ते वीस वयाचं कुणी आहे, त्यांना हा प्रश्न किती ज्वलंत असतो ते मी सांगायला नको.

आधी माझी ओळख. मी मूळचा साताऱ्याकडचा, वाईजवळच्या एका गावातला. पदवी घेतली आणि फौजेत गेलो, आर्मी ऑर्डनन्स कोरमध्ये. म्हणजे बंदूक चालवणाऱ्याला बंदूक, गोळी, बूट, तंबू, सगळं वेळेवर मिळेल हे बघणारं खातं. शेवटचं पोस्टिंग जयपूरला होतं. तिथेच झोटवाड्यात घर घेतलं आणि राहिलो. निवृत्तीला आता बारा वर्षं झाली. काँटा चौराह्याच्या पुढे आमची कॉलनी आहे. दर तिसऱ्या घरात एक निवृत्त फौजी, आणि त्यांत आमचं एक मराठी घर. मुलगाही फौजेत आहे, सध्या फील्डमध्ये. त्यामुळे सून आणि नातू आमच्याकडे राहतात. सून इथल्या एका शाळेत शिकवते. नातू चौदा वर्षांचा आहे.

तर या जून महिन्यात, बाहेर पंचेचाळीस अंश तापमान असताना, नातू माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "आजोबा, पीएस फाइव्ह घ्यायचा आहे."

घरात पीएस फोर होता. मुलाने २०१६ मध्ये घेतलेला. मी म्हटलं, "एक आहे की!"

"त्यावर स्पायडर-मॅन टू येत नाही. तो फक्त पीएस फाइव्हवर आहे."

फौजेत कुठलीही मोठी खरेदी तोंडी होत नाही. त्यासाठी 'स्टेटमेंट ऑफ केस' लिहावं लागतं. काय हवं, का हवं, आहे त्यात का भागत नाही, किती खर्च येईल, असा एक कागद. मी नातवाला म्हटलं, "स्टेटमेंट ऑफ केस लिहून आण. एक पान. मग बोलू."

मला वाटलं, पोरगं कंटाळेल आणि विषय संपेल. संध्याकाळी कागद हजर. पाच मुद्दे. पहिल्या चार मुद्द्यांत पाच खेळांची नावं, आणि 'हे सर्व खेळण्यासाठी पीएस फाइव्ह आवश्यक' असा शेरा. पाचवा मुद्दा एका ओळीचा: 'पप्पा सुट्टीवर येतील तेव्हा आम्ही मिळून खेळू.'

पाचवा मुद्दा मी वाचला आणि बाजूला ठेवला. हिशेबाच्या माणसाची ही खोड. ज्याला आकडा लावता येत नाही, ते तो शेवटी बघतो.

आधी आकडे बघू. डिस्क बसणाऱ्या पीएस फाइव्हची भारतातली छापील किंमत २०२५ मध्ये ५४,९९० रुपये होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो आपल्याकडे आला तेव्हा ४९,९९० होती, पुढे पाच हजारांनी वाढली. नवा मोठा खेळ तेव्हा ४,९९९ रुपयांना मिळायचा. आपल्याकडे म्हण आहे, चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. इथे खेळ ही कोंबडी आणि यंत्र हा मसाला. प्रमाण एकास अकरा. म्हणजे चार आण्यांच्या कोंबडीला चव्वेचाळीस आण्यांचा मसाला! स्पायडर-मॅन टूची मुख्य गोष्ट साधारण वीस तासांत संपते, असं मुलाने फोनवर सांगितलं. यंत्र आणि खेळ मिळून साठ हजार. वीस तासांनी भागा. तासाला तीन हजार रुपये. इतकं भाडं जयपुरात लग्नाच्या घोडीलाही पडत नसेल.

पण एका खेळावर सगळं यंत्र लादणं अन्यायाचं आहे. नातवाने पाच खेळ लिहिले होते, म्हणून मी यादी तपासायला घेतली. आयुष्यभर मागणीपत्रं तपासण्यात गेलं आहे. मागणाऱ्याने लिहिलेलं 'आवश्यक' हे आधी पारखून घ्यायचं असतं.

यादी अशी होती: स्पायडर-मॅन टू, गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक, ग्रॅन टुरिस्मो सेव्हन, होरायझन फॉरबिडन वेस्ट आणि ॲस्ट्रो बॉट. मी इंटरनेटवर एकेक शोधला. रॅग्नारॉक नोव्हेंबर २०२२ मध्ये आला, पीएस फोर आणि पीएस फाइव्ह दोन्हींवर. ग्रॅन टुरिस्मो सेव्हन आणि होरायझन त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये आले, तेही दोन्हींवर. म्हणजे पाचांतले तीन आमच्या घरच्या जुन्या यंत्रावर चालत होते. खरोखर पीएस फाइव्हची गरज असलेले दोनच, स्पायडर-मॅन टू आणि ॲस्ट्रो बॉट.

नातवाला बोलावलं. विचारलं, "हे तुला माहीत नव्हतं?"

तो खाली बघत म्हणाला, "मला माहीत होतं. तुम्हाला माहीत नसेल असं वाटलं."

मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. अशी मागणीपत्रं मी मोठमोठ्या अधिकाऱ्यांकडूनही पाहिली आहेत.

इथे थोडं थांबून 'एक्सक्लुझिव्ह' या प्रकाराबद्दल सांगतो, कारण त्यातली गोम मला माझ्या खात्यामुळे चटकन कळली. आमच्या डेपोत एसएलआर रायफलची गोळी असायची, ती ७.६२. एके-४७ ची गोळी, तीही ७.६२. नवखा शिपाई दोन्हींवर तोच आकडा बघायचा आणि गोंधळायचा. पण एकीच्या काडतुसाची लांबी ५१ मिलिमीटर, दुसरीची ३९. एकीची गोळी दुसरीत चालत नाही. मग इन्सास आली, ती ५.५६ ची. म्हणजे तिसरा साठा, तिसरं कोठार, तिसरा हिशेब. रायफल घेताना किंमत दिसते ती रायफलची. पण रायफल घेतली की तुम्ही तिच्या गोळीशी बांधले जाता, आणि खरा खर्च तिथे असतो.

कन्सोलच्या कंपन्या हे फार वर्षांपासून जाणून आहेत. १९८० मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ अटारीच्या घरगुती यंत्रावर आला आणि त्या एका खेळासाठी लोकांनी यंत्रं घेतली. मार्च २०१७ मध्ये निन्टेन्डोचा स्विच आला तेव्हा तर गंमतच झाली. त्या महिन्यात अमेरिकेत स्विच विकले गेले ९ लाख ६ हजार, आणि त्यावर चालणाऱ्या झेल्डाच्या नव्या खेळाच्या प्रती विकल्या गेल्या ९ लाख २५ हजार. यंत्रांपेक्षा खेळ जास्त!  त्यामुळे 'एका खेळासाठी कुणी यंत्र घेतं का?' असं विचारू नका. लाखो लोक घेतात.

पण गेल्या काही वर्षांत यात एक बदल झाला आहे, आणि खरेदी करणाऱ्याने तो लक्षात घेतला पाहिजे. 'फक्त आमच्याकडे' याचा अर्थ आता पुष्कळदा 'आधी आमच्याकडे' असा होतो. गॉड ऑफ वॉर एप्रिल २०१८ मध्ये पीएस फोरवर आला, जानेवारी २०२२ मध्ये कॉम्प्युटरवर आला. पावणेचार वर्षं. पहिला स्पायडर-मॅन कॉम्प्युटरवर यायला जवळजवळ चार वर्षं लागली. स्पायडर-मॅन टू ऑक्टोबर २०२३ मध्ये आला आणि जानेवारी २०२५ मध्ये कॉम्प्युटरवरही आला. पंधरा महिने. हेलडायव्हर्स टू तर फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन्हीकडे एकाच दिवशी आला. मायक्रोसॉफ्टने त्याच्याही पुढे जाऊन एक्सबॉक्सचे खेळ सोनीच्या यंत्रावर द्यायला सुरुवात केली. फोर्झा होरायझन फाइव्ह ही त्यांची गाजलेली मोटार शर्यत एप्रिल २०२५ मध्ये पीएस फाइव्हवर आली.

याचं कारण सरळ आहे. एकेका मोठ्या खेळाचा खर्च आता कोट्यवधी डॉलरवर जातो. एवढा पैसा एकाच यंत्राच्या गिऱ्हाइकांकडून वसूल करणं अवघड. तट अजून उभे आहेत, पण दिंडी दरवाजे उघडलेत. निन्टेन्डो मात्र अजून वेगळा आहे. त्यांचा मारिओ आणि झेल्डा दुसऱ्याच्या यंत्रावर येतील म्हणून थांबणं व्यर्थ आहे. म्हणजे वाट बघायची की नाही, हे खेळ कुणाचा आहे त्यावरही ठरतं.

यातली दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तरुण मंडळी मला पकडतील. 'कॉम्प्युटरवर येईल' हे खरं, पण तो कॉम्प्युटर कुठे आहे? आमच्या घरातला लॅपटॉप सुनेचा, प्रश्नपत्रिका टाइप करण्यापुरता. हे खेळ नीट चालवणारा लॅपटॉप घ्यायचा तर तो पीएस फाइव्हपेक्षा महाग पडतो. नदीवर पूल झाला ही बातमी चांगली आहे, पण पुलापर्यंत जायला आपल्याकडे रस्ता हवा.

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेलं उदाहरण आपल्या पुण्याचं आहे. पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स नावाचा एक लहान स्टुडिओ आहे. त्यांनी 'राजी' नावाचा खेळ केला. राजी नावाची मुलगी, तिचा भाऊ गोलू. असुर त्याला पळवून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते. दुर्गा तिला शस्त्र देते. खेळातले वाडे, किल्ले, कमानी राजस्थानी वास्तूंवरून घेतलेल्या. चित्रांची धाटणी पहाडी शैलीची. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी त्यांनी काम सोडलं नाही. शेवटी १८ ऑगस्ट २०२० ला खेळ बाहेर आला, आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकनही मिळालं.

पण तो पहिल्यांदा कुठे आला? निन्टेन्डो स्विचवर. म्हणजे पुण्यात तयार झालेला, राजस्थानचं रूप असलेला खेळ, जे यंत्र भारतात कंपनी अधिकृतपणे विकतच नाही, त्यावर आला. लहान स्टुडिओच्या बाजूने बघितलं तर यात चुकीचं काही नाही. निन्टेन्डोच्या कार्यक्रमात जगभरचे लोक बघत असताना तुमचा खेळ जाहीर होतो, ही त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट. पण गिऱ्हाइकाच्या बाजूने बघा. १५ ऑक्टोबरला तोच खेळ पीएस फोर, एक्सबॉक्स आणि कॉम्प्युटरवर आला. अठ्ठावन्न दिवस. ज्याने फक्त 'राजी'साठी बाहेरच्या बाजारातून स्विच आणला असेल, त्याने सगळी किंमत या अठ्ठावन्न दिवसांसाठी मोजली.

तर पुन्हा झोटवाड्यात येऊ. मी नातवाच्या कागदावर लाल पेनाने लिहिलं: 'पाचांपैकी तीन खेळ उपलब्ध साधनांवर शक्य. उर्वरित दोनसाठी प्रति खेळ यंत्रखर्च २७,४९५. नामंजूर.' आणि खाली सही केली. त्याने कागद घेतला, 'ठीक आहे आजोबा' म्हणाला आणि आत गेला. रडला नाही, आदळआपट केली नाही. फौजीच्या घरातली मुलं 'नाही' लवकर ऐकायला शिकतात.

रात्री जेवताना पत्नीने विचारलं, "पाचव्या मुद्द्याचं काय केलंत?"

"कुठला पाचवा?"

"बापाबरोबर खेळायचा."

मी म्हटलं, त्याला आकडा लावता येत नाही. ती म्हणाली, "तुमच्या वडिलांनाही लावता आला नव्हता." आणि ताटं उचलून गेली.

ती कशाबद्दल बोलत होती ते मला लगेच कळलं. १९८७ साल. मी कॅप्टन होतो, जबलपूरला. वडील प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, गावी राहायचे. जानेवारीत दूरदर्शनवर रामायण सुरू झालं, आणि थोड्याच दिवसांत घरून पत्र आलं की नानांनी टीव्ही घेतला. ब्लॅक अँड व्हाइट, चौदा इंची. त्यांच्या पेन्शनच्या मानाने भलता खर्च. मी तरुण, हिशेबी, नुकताच भांडारशास्त्राचा कोर्स केलेला. मी त्यांना लांबलचक पत्र लिहिलं. एका मालिकेसाठी, आठवड्यातल्या एका तासासाठी कुणी टीव्ही घेतं का? शेजारी बघता आलं नसतं का? मालिका संपल्यावर त्या डब्याचं काय करणार? आज नातवाला जे सांगितलं, तेच सगळं.

नानांचं उत्तर अंतर्देशीय पत्रात आलं. चार ओळी. त्यांनी लिहिलं होतं की रविवारी सकाळी घरात चाळीस माणसं बसतात. आईला गुडघ्यांमुळे तीन वर्षं देवळाच्या पायऱ्या चढता आल्या नव्हत्या, ती सकाळी आंघोळ करून टीव्हीला हळदकुंकू वाहते. हिशेब तुझा बरोबर आहे. सुट्टीवर कधी येतोस?

जुलै १९८८ मध्ये रामायण संपलं. टीव्ही राहिला. त्यावर नानांनी बातम्या पाहिल्या, 'आमची माती, आमची माणसं' पाहिलं, महाभारत पाहिलं, क्रिकेट पाहिलं. मी सुट्टीवर जायचो तेव्हा आम्ही बापलेक त्याच्यासमोर बसायचो. आमच्यात बोलणं कमीच असायचं, पण शेजारी बसणं व्हायचं. दहा वर्षं तो डबा चालला. माझं पत्र हिशेबाने बरोबर होतं, पण मी भागाकार चुकीच्या आकड्याने केला होता. मी मालिकेच्या तासांनी भागलं. भागायला हवं होतं समोर बसणाऱ्या माणसांनी आणि मालिका संपल्यानंतरच्या वर्षांनी.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी मुलाला फोन लावला. लाइन मिळायला संध्याकाळ झाली. त्याला सगळं सांगितलं. वाटलं, तो म्हणेल, घ्या बाबा, पैसे मी पाठवतो. तो हसायला लागला. म्हणाला, "बाबा, कॉन्ट्रा आठवतंय का?"

१९९४ ची गोष्ट. तो आठ वर्षांचा होता, मी दोन महिन्यांच्या सुट्टीवर होतो. तेव्हा बाजारात ते स्वस्तातले 'टीव्ही गेम' मिळायचे, वरून कॅसेट खोचायचे. एका कॅसेटवर हजारो खेळ लिहिलेले असायचे आणि प्रत्यक्षात सात-आठच निघायचे. त्यावर आम्ही कॉन्ट्रा खेळायचो, दोघं मिळून. त्यात धबधब्याचा एक टप्पा होता. वर वर उड्या मारत चढायचं. एकजण घाईने वर गेला की चित्र वर सरकायचं आणि खाली राहिलेला मरायचा.

मुलगा म्हणाला, "तुम्ही दर वेळी पुढे पळायचात आणि मी मरायचो. सुट्टीच्या शेवटी शेवटी तुम्ही थांबायला शिकलात. मला बाकी काही आठवत नाही, ते आठवतं. तो यंत्र कुठलं होतं हेही आठवत नाही. मला कुठलाही खेळ चालेल बाबा, फक्त दोघांचा हवा. स्पायडर-मॅन एकट्याचा खेळ आहे. तो खेळेल आणि मी बाजूला बसून झोपेन."

हा मुद्दा माझ्या कधीच लक्षात आला नसता. ज्या खेळांसाठी यंत्रं विकली जातात, त्यांतले बरेच एकट्याने खेळायचे असतात. स्पायडर-मॅन टू, रॅग्नारॉक, होरायझन, ॲस्ट्रो बॉट, सगळे एकट्याचे. नातवाचा पाचवा मुद्दा आणि पहिले चार मुद्दे एकमेकांशी जुळतच नव्हते. दोघांसाठी मुलाने नाव सुचवलं 'इट टेक्स टू'. तो दोघांशिवाय खेळताच येत नाही. २०२१ मध्ये त्याला द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्कृष्ट खेळ ठरवलं गेलं. आणि तो कुणाचाही एक्सक्लुझिव्ह नाही. आमच्या जुन्या पीएस फोरवर चालतो.

जुलैमध्ये मुलगा वीस दिवसांच्या सुट्टीवर आला. बापलेकांनी रोज संध्याकाळी तो खेळ खेळला आणि संपवला. मुलगा खालून ओरडायचा, "अरे थांब ना!" मी हॉलमध्ये वर्तमानपत्र धरून बसायचो. वाचत काही नव्हतो. मुलगा परत गेल्यावर नातवाने आणि मी 'राजी' खेळायला घेतला. माझी बोटं त्या बटणांवर चालत नाहीत, मी तिसऱ्याच पुलावरून खाली पडतो. पण महिषासुराची गोष्ट आजीने त्याला पुन्हा सांगितली, आणि खेळातल्या कमानी बघून तो म्हणाला, "हे तर आपल्या आमेरसारखं आहे."

मग पीएस फाइव्ह घेतला की नाही? सांगतो. त्याआधी या सगळ्यातून माझ्या हाती जे तीन प्रश्न लागले, ते देतो. विकत घेण्याआधी कागदावर लिहून काढा.

पहिला: ज्या खेळांसाठी यंत्र घेतोय, ते खरंच आपल्याकडच्या यंत्रावर चालत नाहीत का? जाहिरातीवर विश्वास ठेवू नका, एकेक नाव तपासा. आमच्या यादीत पाचाचे दोन झाले.

दुसरा: तो खेळ दुसरीकडे येणार आहे का, किती दिवसांनी, आणि ते 'दुसरीकडे' आपल्या घरात आहे का?

तिसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा: तो खेळ संपल्याच्या दुसऱ्या दिवशी हे यंत्र घरात काय करणार आहे? कोण वापरणार, कुणाबरोबर, किती वर्षं? याचं उत्तर असेल तर यंत्र घ्या. नसेल तर तुम्ही महागडं सिनेमाचं तिकीट घेताय, यंत्र नाही.

सोबत गोळीचाही हिशेब धरा. दुसरा कंट्रोलर लागतो, त्याचे पैसे वेगळे. काही खेळ ऑनलाइन खेळायचे तर वर्गणी. एकेक मोठा खेळ शंभर जीबीच्या आसपास जागा खातो. आणि मॉडेल निवडताना डोळे उघडे ठेवा. डिस्क न लागणारं मॉडेल स्वस्त दिसतं, पण जसं येतं तसं त्यात तुमच्या जुन्या डिस्क चालत नाहीत, आणि घेतलेला खेळ नंतर विकताही येत नाही. आमच्याकडे पीएस फोरच्या चौदा डिस्क आहेत. पीएस फोरचे जवळजवळ सगळे खेळ पीएस फाइव्हवर चालतात, पण डिस्क घालायला फट तर हवी!

आणि कमावत्या तरुणांना एक सांगतो. तुम्ही स्वतःच्या पैशाने एका आवडत्या खेळासाठी यंत्र घेत असाल तर खुशाल घ्या. शौकाला मोल नसतं. पण मग त्याला शौक म्हणा, 'गुंतवणूक' म्हणून स्वतःला फसवू नका.

आता आमच्या घरचा निकाल. दिवाळीच्या आधी नातवाने दुसरं स्टेटमेंट ऑफ केस दिलं. न सांगता. तेही एक पान. पहिला मुद्दा: पीएस फोरला नऊ वर्षं झाली, पंखा हेलिकॉप्टरसारखा वाजतो, खेळ उघडायला वेळ लागतो. दुसरा: जुन्या चौदाही डिस्क नव्या यंत्रात वापरता येतील, म्हणून डिस्कचंच मॉडेल. तिसरा: दिवाळीच्या सवलतीत घ्यावं, छापील किमतीला नाही. चौथा: राखी, वाढदिवस आणि आजीकडून मिळालेले अकरा हजार रुपये तो स्वतःचे घालणार. पाचवा: पप्पा डिसेंबरमध्ये दोन महिन्यांच्या सुट्टीवर येणार आहेत. 'इट टेक्स टू' करणाऱ्यांचाच नवा खेळ, 'स्प्लिट फिक्शन', मार्च २०२५ मध्ये आला आहे. तोही दोघांनीच खेळायचा. तो एक्सबॉक्सवर आहे, कॉम्प्युटरवर आहे, पीएस फाइव्हवर आहे. पीएस फोरवर मात्र नाही.

म्हणजे शेवटी आम्हाला यंत्रापर्यंत घेऊन आला तो कुणा एका कंपनीचा राखीव नसलेला खेळ.

मी सगळा कागद दोनदा वाचला. स्पायडर-मॅनचं नाव कुठेच नव्हतं. मी विचारलं, "आणि तुझा स्पायडर-मॅन?"

तो म्हणाला, "तो नंतर जुना घेईन आजोबा. एमआय रोडला जयंती मार्केटमध्ये विचारून आलोय. अर्ध्या किमतीत मिळतो."

मी लाल पेन बाजूला ठेवलं, निळं घेतलं, आणि पाचव्या मुद्द्यासमोर लिहिलं: मंजूर.

जय हिंद.